खेळाच्या खोलीतल्या शालनताई

शालनताईंचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचायचा, आणि स्टाफरूममध्येही कुजबुजत बोलले जाणारे शब्द त्या त्याच आवाजात बोलायच्या. “पीरियड आए हैं, बुखार नहीं! चलो, लाइन में!” हरियाणातल्या मानेसरच्या आमच्या सरकारी शाळेत त्या पीटी मॅडम. मी विज्ञान शिकवायची. मराठी आम्ही दोघीच, म्हणून माझ्यापुरत्या त्या ताई.

पॅडची पाकिटं त्या खेळाच्या खोलीत, चेंडूंच्या शेजारी उघड्यावर ठेवत. प्रिन्सिपल म्हणाले, जरा झाकून ठेवा. “गेंद ढकते हैं क्या, सर?” विषय संपला. डाग पडेल या धास्तीनं दर महिन्याला घरी बसणाऱ्या मुली हळूहळू शाळेत टिकू लागल्या.

आठवीतली काजल त्यांतलीच. आई नव्हती, वडील कारखान्यात. घर चालवायचा तो ताऊ, म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. पाळी सुरू झाल्याचं तिनं घरात कळू दिलं नव्हतं. एके दिवशी ताऊला तिच्या दप्तरात पाकीट सापडलं. पोरगी ‘सयानी’, म्हणजे लग्नाजोगी झाली, एवढंच त्याला कळायचं बाकी होतं. त्यानं लगेच लग्न ठरवून टाकलं.

काजलच्या मैत्रिणीनं हे सांगितलं, तेव्हा ताईंचा आवाज पहिल्यांदाच बसला. “पाकीट मीच दिलं होतं गं,” एवढंच म्हणाल्या. मग पोलिसांना घेऊन थेट तिच्या घरी गेल्या. लग्न थांबलं. काजल वसतिगृहात गेली आणि तिथूनच पुढे दहावी झाली. कुठल्या वसतिगृहात, ते ताईंनी मलाही सांगितलं नाही.

त्या दिवशी ताई काजलच्या घरून निघताना ताऊ अगदी शांतपणे म्हणाला होता, “मैडमजी, घर तो आपका भी होगा.”

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या फाटकासमोर एक मोटरसायकल उभी राहू लागली. वर दोघे. बोलत काही नसत, नुसते बघत. पोलिसांनी हटकलं की जात, पुन्हा येत. सुटीनंतर मुली घोळका करून ताईंना ऑटोपर्यंत सोडू लागल्या. त्यातच कुणीतरी तक्रार केली, मॅडम मुलींना बिघडवतात. बदलीचा हुकूम आला. नवी शाळा दूर, उजाड रस्त्यापलीकडे. ताई आजही तिथं शिकवतात आणि रोज वेगळ्या वाटेनं घरी जातात.

आमच्या शाळेतल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना ऑटोत बसवलं. पलीकडे मोटरसायकल सुरू झाली. “ताई, आज माझ्याकडेच राहा ना.”

त्यांनी मागे वळून पाहिलं. चेहरा उतरला होता.

“येऊ देत यार. माझ्या मागे आहेत, म्हणजे काजलच्या मागे नाहीत.”

ऑटो हायवेकडे वळली. मोटरसायकलही वळली.