अकरा भरलेल्या बाटल्या

मीरासाब पखाल्याला साहेबांच्या फिरतीवर मीच चिकटवला. तेव्हा आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत मी कुणी भला माणूस नाही.

शहरात नळ आले आणि पखालीनं घरोघर पाणी घालणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. मीरासाबनं रेडा विकला, पखाल खुंटीला लावली. घरी बायको कुलसुम आणि पाच वर्षांची रशिदा. माणूस उंच, मानेत किंचित वाकलेला, बोलण्यात कंजूष. मी रस्त्याच्या कामावरचे ओव्हरसियर गणपतराव यांचा कारकून होतो. साहेब सायकलवरून फिरती करत. तेव्हा कोल्हापुरात सायकल दिसली की लोक हातातलं काम टाकून दारात यायचे, आणि साहेबांकडं तर दोन होत्या. त्यातली जुनी पाणी वाहायला ठेवली होती. ती ढकलायला माणूस पाहिजे होता.

साहेबांना पाण्याचं भयच होतं. घरी स्वयंपाकीण पाणी उकळायची, दुहेरी फडक्यातनं गाळायची आणि विलायती दारूच्या रिकाम्या बाटल्यांत भरायची. वर बूच, बुचावर लाख, लाखेवर साहेबांच्या अंगठीचा शिक्का. अशा बारा बाटल्या. मुसलमानानं वाहिलेलं पाणी कसं चालतं, असं कुणी विचारलं तर साहेब म्हणायचे, लाखेच्या आत विटाळ शिरत नाही. सोयीचं शास्त्र!

मीरासाबनं बापाच्या पखालीचं चामडं तेल लावून मऊ केलं, कापलं, आणि सायकलच्या दोन्ही अंगांना सहा-सहा कप्पे शिवून टांगले. कापताना कुलसुम रडली म्हणे. प्रत्येक कप्प्यात एक बाटली, भोवती ओलं गोणपाट. सायकल खड्ड्यातनं गेली तरी बाटलीला बाटली लागायची नाही. इतकं नेटकं काम मी पुन्हा पाहिलं नाही. साहेब ‘ठीक आहे’ म्हणाले आणि वळले.

त्या बाटल्यांतलं पाणी मीरासाबनं प्यायचं नाही, हे सांगायलाच नको. त्याच्यासाठी ओढे होते.

एकदा कळ्याजवळ बैल बुजला, सायकल आडवी झाली आणि एक बाटली फुटली. साहेब ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, “आज तू पाणी प्यायचं नाहीस.” चैत्राचं ऊन होतं. पुढं नदी उतरायची होती, पाणी गुडघाभर. साहेब काठावर उभे राहून बघत होते, हा वाकतो का. मीरासाब वाकला नाही. सायकल खांद्यावर घेऊन सरळ पलीकडं गेला. मी तट्टावर बसून हे पाहिलं आणि माझ्या तांब्यातलं पाणी प्यालो. मला लाज वाटली, पण नोकरी जास्त प्यारी होती.

पुढच्या वैशाखात गगनबावड्याच्या वाटेवरच्या गावांत पटकी लागली. पटकीच्या रोग्याला पाणी द्यायचं नाही, दिलं की तो मेलाच, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. निघताना साहेबांनी मीरासाबला पुढं बोलावलं.

“मला पटकी झाली तर थेंब द्यायचा नाही. मी मागेन, शिव्या देईन, पाया पडेन. तरी नाही. घे पोरीची आण.”

“रशिदाची आण, सरकार,” मीरासाब म्हणाला.

मी म्हटलं, “साहेब, मी आहे की.”

“तू हळवा आहेस. याला वाळवून बघितलाय मी.”

साळवणच्या पुढं सडकेच्या कामाची एक झोपडी होती. मुक्काम तिथं. मजुरांचा मुकादम आकाराम मोठा अगत्याचा माणूस. उन्हातनं आलेल्या साहेबांपुढं त्यानं ताकाचा तांब्या धरला. पाणी असतं तर साहेबांनी तो लाथाडला असता. पण ताक म्हणजे काही पाणी नव्हे! घटाघटा प्याले. उरलेलं मीरासाबच्या ओंजळीत ओतलं. मला खोकला होता म्हणून मी नको म्हणालो. त्या ताकात कुठल्या विहिरीचं पाणी पडलं होतं, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. खोकल्यानं मला वाचवलं, अकलेनं नव्हे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच साहेबांना ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले. दोन तासांत डोळे खोल गेले, पायांत गोळे येऊ लागले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. सगळे मजूर पळाले. आकाराम तेवढा दारात उभा राहून बजावत होता, “पाणी दिऊ नगा हं! हातानं माराल.”

साहेब आधी हुकूम देत होते. मग शिव्या. मग मीरासाबला ‘बाबा’ म्हणू लागले. ज्या माणसाला नदीत वाकू दिलं नव्हतं, त्याचे पाय धरायला साहेब जमिनीवरनं सरपटत आले. मीरासाब भिंतीला पाठ लावून बसला होता आणि त्याच्या शेजारी अकरा भरलेल्या बाटल्या होत्या; बारावी तेवढी वाटेत संपली होती. त्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि तो एकच म्हणत होता, “पोरीची आण हाय, सरकार. पोरीची आण हाय.”

मी उठून एक बाटली उचलली, हे खरं. आकारामनं डोळे वटारले आणि मी ती खाली ठेवली, हेही खरं.

दुपारी साहेबांचा आवाज बसला. नुसते ओठ हलत होते. जवळ जायला मी घाबरत होतो. मीरासाबनं जवळ जाऊन कान लावला आणि तसाच बसून राहिला. ऊन कलायच्या आत साहेब गेले.

नदीकाठी दहन उरकून आलो तर मीरासाब झोपडीत स्वतःच्याच घाणीत पडला होता. त्यालाही लागली होती. त्याच्यावर पहारा करायला कोण बसणार? त्याच्या जिवाची तेवढी किंमत कुणाला होती? आकाराम निघून गेला. मी अस्थींचं गाठोडं घेतलं, तट्टावर बसलो आणि कोल्हापूरची वाट धरली. त्याला मेलेला समजून टाकून गेलो, असं नंतर मी लोकांना सांगितलं. तो जिवंत होता. त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं होतं.

सहाव्या दिवशी मीरासाब सायकल ढकलत शहरात आला. हाडांचा सापळा. बाटल्या कप्प्यांत नीट होत्या, फक्त रिकाम्या. पहिल्यांदा तो घरी गेला नाही, माझ्याकडं आला आणि म्हणाला, “साहेबांच्या घरी चला.”

साहेबांच्या आईला सगळे आक्का म्हणत. ती सोप्यात बसली होती, भोवती भाऊबंद. तिनं विचारलं, “पाणी दिलं न्हाईस न्हवं?”

“न्हाई.”

“चांगलं केलंस.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी तरी म्हणालं, नोकर असावा तर असा.

मी त्याची बाही ओढली, पण तो हलेना. “आक्का, मलाबी झालती. कुणी अडवाय न्हवतं. म्या बाटल्यांची लाख फोडली. ओकायचो आनि परत प्यायचो. अकराच्या अकरा प्यालो. आनि जगलो.”

साहेबांचा चुलता हात उगारून धावला, “साहेबाचं पाणी प्यालास?” त्या घरात एवढंच ऐकू आलं! आक्कानं मात्र सगळ्यांना बाहेर घालवलं. मी दारातच राहिलो.

“माज्या पोराच्या बाऽला पटकी झालती,” ती हळू म्हणाली. “ह्यो आठ वरसांचा. मला बघवंना, म्या तांब्या लावला तोंडाला. सकाळी ग्येलं. बाला पाणी पाजून मारलंस म्हणायचा. तवापास्नं माज्या हातचं पाणी प्याला न्हाई. एकतीस वरसं झाली.” मग तिनं मीरासाबकडं रोखून पाहिलं. “म्या मारलं न्हवतं?”

“न्हाई आक्का. पाण्यानं न्हाई ग्येलं ते.”

तिचा चेहरा उजळला. एवढ्या वर्षांचं ओझं उतरल्यावर उजळणारच. पण पुढचा विचार डोक्यात यायला कितीसा वेळ लागतो? तो आला, आणि त्या चेहऱ्याचं जे झालं ते माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला न येवो.

“मग माजं पोरगं?”

मग तिनंच पुढं विचारलं,

“शेवटाला काय म्हणत हुतं?”

मी दारातनं त्याला खुणावलं, देवाचं नाव घेतलं म्हणून सांग. पण त्याला खोटं बोलता येत नव्हतं, हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष.

“आई, पाणी दे, म्हणत हुते. तुमास्नीच मागत हुते.”

आक्का उठली. आत गेली आणि भरलेला तांब्या घेऊन आली. घरचा, पितळेचा, पुसून लखलखीत केलेला. तो तिनं दोन्ही हातांनी मीरासाबपुढं धरला. “पी.”

त्यानं ओंजळ पुढं केली. तिनं ती खाली सारली आणि तांब्याच त्याच्या ओठांना लावला. त्यानं पूर्ण रिकामा केला. ती दुसरा घेऊन आली. तोही तो प्याला. तिसऱ्याला त्याचं पोट तट्ट फुगलं, नाकातनं पाणी आलं, त्यानं हात जोडले. आक्कानं एका हातानं त्याची मान मागून धरली, पोराची धरावी तशी, आणि म्हणाली, “पी माज्या राजा, पी.” तो ओकला. ती रिकामा तांब्या भरायला पुन्हा आत गेली.