एका मुलाचा फारसी वर्ग

वर्गात मी एकटा असलो तरी मुन्शीमास्तर "मुलांनो" म्हणूनच सुरुवात करीत. "मुलांनो, पुस्तकं काढा." मी पुस्तक काढी. "मागचा धडा कोण सांगेल?" मग ते रिकाम्या वर्गावरून नजर फिरवीत, सगळ्यांना संधी दिल्यासारखे क्षणभर थांबत आणि म्हणत, "बरं, मयेकर सांगेल." पहिल्यांदा मला हसू फुटले.

"का रे हसतोस?"

"मास्तर, मी एकटाच आहे."

"मग? माणसं कमी म्हणून बांग हळू देतात होय? मी माझ्या आवाजात शिकवणार. तू तुझ्या कानांनी ऐक."

रत्नागिरीच्या आमच्या हायस्कुलात ते फारसी शिकवीत. मूळचे दाभोळचे. राजिवड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत नवराबायको राहत, मूलबाळ नव्हते. उंच, खांद्यात जरा वाकलेले, चालताना वहाणांचा आवाज न करणारे. वर्गात ते कधी आले हे कळत नसे, एवढीच त्यांच्याविषयी मुलांची तक्रार होती.

इंग्रजी चौथीत मुलाने दुसरी भाषा निवडायची असे. बहुतेक मुले संस्कृत घेत. माझे वडील कोर्टात बेलीफ होते. त्यांचे म्हणणे, "फिर्याद, मुदत, दस्तऐवज, कोर्टात सगळी फारसीच चालते. तू तीच घे. कुठं तरी चिकटशील." मी हे मास्तरांना सांगितले तेव्हा ते खूश झाले. त्या आठवड्यात त्यांनी आम्हां पाचसहा मुलांना बंदरावर नेले आणि समोर दिसेल त्याची नावे विचारली. आम्ही सांगत गेलो : दर्या, बंदर, नाखवा. "बघा, जन्मल्यापासून फारसी बोलताय आणि मला म्हणता विषय जड आहे. आता फक्त वाचायची राहिली." कोणतेही मूल अडले की ते पुस्तक मिटून त्याला ओळखीच्या मुलखात नेत आणि तिथून पुन्हा धड्यात आणून सोडत. पुढे मी बरेच शिक्षक पाहिले, स्वतःही शिकवले. ही रीत मला साधली नाही.

त्यांच्या वर्गाला उतरती कळा लागली ती १९३०च्या आगेमागे. शाळेच्या कमिटीला एवढ्याशा मुलांसाठी एक शिक्षक परवडेना. प्रथम फारसी आणि संस्कृत एकत्र करून "अभिजात भाषा" अशी एकच शाखा झाली आणि संस्कृतचे शास्त्रीबुवा तिचे प्रमुख झाले. शास्त्रीबुवा आणि मास्तर जुने स्नेही. बुवा शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने म्हणाले, "मुन्शी, आजपासून तुम्ही माझ्या हाताखाली."

"फार बरं झालं. आता माझं चुकलं की छडी तुम्ही खायची."

पुढच्या वर्षी त्या शाखेचे नाव "द्वितीय भाषा" झाले. दारावरची पाटी पुन्हा रंगवली. मास्तर ती पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "एकाच पोराची इतकी बारशी करताहेत. पोर काही जगवायचं दिसत नाही."

त्यांचा अंदाज खरा ठरला. विद्यापीठाच्या मॅट्रिकला फारसी होतीच, पण आमच्या शाळेने ठराव केला : चौथीत फारसीला नवीन मुले घेऊ नयेत, जी शिकत आहेत त्यांना मॅट्रिकपर्यंत जाऊ द्यावे, शेवटचा मुलगा बाहेर पडला की वर्ग आणि शिक्षकाची जागा दोन्ही बंद करावीत. त्या खोलीत टायपिंगचा वर्ग यायचा होता. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी मास्तरांना स्वतः बोलावून समजावले, "मुन्शीजी, एकाही मुलाचं नुकसान होणार नाही, एवढं आम्ही पाहिलंय." मास्तर म्हणाले, "मुलाचं होणार नाही, हे खरं."

मग वर्ग खालून रिकामा होत गेला. आधी चौथी, मग पाचवी, मग सहावी. सातवीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात, आम्ही दोघे उरलो, मी आणि राजिवड्याचा कासम. दिवाळीच्या सुट्टीत कासम चुलत्याबरोबर बोटीवर खलाशी म्हणून गेला. मी उरलो.

त्या सहामाहीत मी फारसीत नापास झालो. शास्त्रीबुवा व्हरांड्यात मास्तरांना म्हणाले, आणि मी जवळच होतो, "मुन्शी, पोरगं झकास नापास झालंय. चाचणीतही पाडा. सातवीत मुरू दे वर्ष-दोन वर्षं."

"मुरायला तो काय लोणचं आहे?"

दोघेही हसले. मला वाटले, माझ्या मठ्ठपणाची थट्टा चालली आहे.

दर रविवारी मास्तर मला घरी बोलावू लागले. सकाळी बसलो की दुपार होई. एका रविवारी ते माझे भाषांतर चौथ्यांदा खोडत होते. हात धुवायला मी मागच्या पडवीत गेलो, तेव्हा चाचींचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, आवाज आला. "एवढं कशाला घासताय त्या पोराला? तो पास झाला तर आपण कुठं जायचं?"

मास्तर म्हणाले, "आणि नापास झाला तर त्यानं कुठं जायचं?"

"तो पुढल्या साली बसंल. तुम्हांला या वयात कोण ठेवतंय?"

मी आत आलो तेव्हा ते माझी वही पुढे ओढून पाचवे वाक्य काढत होते.

शास्त्रीबुवांची थट्टा मला त्या दिवशी कळली. चाचणीत उतरलेल्यांनाच शाळा मॅट्रिकला बसू देई, आणि फारसीचा पेपर तपासणारे मास्तरच होते. दोनचार मार्क इकडचे तिकडे झाले असते तर मी सातवीतच राहिलो असतो, त्यांची नोकरी आणखी एक वर्ष टिकली असती आणि कोणी विचारलेही नसते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "मास्तर, मी यंदा बसत नाही. पुढच्या वर्षी बसतो." मी त्यांना रागावलेले तेवढेच एकदा पाहिले. "माझ्यावर मेहरबानी करायला शिकवली काय रे तुला फारसी? बैस खाली मेल्या, भाषांतर काढ." मी बसलो. माझ्या त्या बोलण्याचे आजवर कोणी कौतुक केले तर मी ते ऐकून घेतले आहे. पण ते नकार देणार हे मला ठाऊक होते. हो म्हणाले असते तर मी काय केले असते, हे मी स्वतःला नीटसे विचारलेले नाही.

चाचणीत मी उतरलो. मॅट्रिकही झालो. त्याच बळावर कॉलेज झाले, नोकरी लागली, आणि आज विद्यापीठाच्या एका समितीवर मी बसतो. तिथे विषय जन्मतात, जोडले जातात, त्यांची नावे बदलतात, काही बंद होतात. बंद करण्याच्या ठरावात तेच वाक्य असते की शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये. वाक्य चांगले आहे. शेवटच्या विद्यार्थ्याला शिकवणारा कोण आहे, असे मी विचारतो. सभासद घड्याळाकडे पाहतात, कोणीतरी नाव सांगतो, आणि मग मीही हात वर करतो, कारण विषयाला खरोखरच मुले नसतात. मास्तर दाभोळला भावाकडे गेले आणि चारपाच वर्षांनी तिथेच वारले. दाभोळ काही लांब नाही. मी गेलो नाही. कामे होती, असे मी वडिलांना सांगत असे.

त्यांची माझी शेवटची भेट जूनमध्ये शाळेतच झाली. मार्क कळल्यावर मी पेढे घेऊन गेलो. वर्गाबाहेर टायपिंगच्या यंत्रांची खोकी उतरली होती आणि हमाल वाट पाहत होते. मास्तर कपाट रिकामे करून किल्ली शिपायाच्या हाती देत होते. मला पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला, "फारसीत किती?"

मी आकडा सांगितला.

"एवढेच? बाकीचे कुठं सांडून आलास? पेपर आणलायस?"

पेपर खिशात होता. त्यांनी तो बाकावर पसरला, मला शेजारी बसवले आणि पहिल्या प्रश्नापासून विचारायला लागले. तिसऱ्या प्रश्नाशी ते थांबले. "हे तुला येत होतं. आपण केलं होतं." मी मान खाली घातली. त्यांनी ते वाक्य मला पुन्हा करायला लावले.

शिपाई दारातून म्हणाला, "मुन्शीजी, माणसं खोळंबलीत. खोकी आत घ्यायची हायत."

मास्तरांनी वर न पाहता हात केला. "थांब जरा. तास चालू आहे."

हमाल पायरीवर बसले आणि त्यांनी विड्या काढल्या.