पिवळी जर्सी

कॅनडात लेकीच्या घराजवळ आइस हॉकीचं बंदिस्त मैदान आहे. बाजारातून परतताना आम्ही तिथे सराव बघत थोडा वेळ टेकतो. तिथल्या व्यावसायिक संघात विशीतला एक बचावपटू आहे. गेल्या मोसमात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बाकी सगळ्यांच्या जर्सी निळ्या, त्याची एकट्याची पिवळी. "पिवळी म्हणजे याला धक्का द्यायचा नाही," लेकीने सांगितलं होतं.

बचावपटूला समोरच्यावर नजर ठेवून उलटं घसरत जावं लागतं. हा ते सुरेख करायचा. पण जवळ आले की सगळे त्याला वळसा घालून जायचे. तो वळसा माझ्या ओळखीचा आहे. माझा गुडघा बदलल्यापासून घरात मला कुणी पाण्याचा तांब्याही उचलू देत नाही. जपणाऱ्यांवर चिडताही येत नाही. पण सतत जपलं, की आपण बरे झालो हे आपल्यालाच पटेनासं होतं.

आज तो निळ्या जर्सीत उतरला. थोड्याच वेळात एका सोबत्याने त्याला कडेच्या फळीवर धाडकन आपटलं. तो उठला आणि चक्क हसला. सगळे हातातल्या काठ्या बर्फावर ठोकू लागले.

"ही त्यांची टाळी," लेक म्हणाली.

बाहेरच्या पायऱ्यांवर तिने सवयीने माझा दंड धरला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दंड सोडून तिने बटाट्यांची पिशवी पुढे केली. "आई, ही तू घे."

चांगली जड होती.