पाठीमागचं हसू

घानाच्या किनाऱ्यावरच्या टेशी गावात, मासळीबाजाराच्या तोंडाशी केन्की विकणारी ओडार्ली कुणाच्या बापाला भिणारी नव्हती. आंबवलेल्या मक्याचा गोळा लहान आहे म्हणून कुणी कुरकुरलं, तर "पोट लहान करून ये" असं सुनावायची आणि आपणच खदखदायची. पण गेला आठवडाभर ती मनातून पार हिरमुसली होती, तीन महिन्यांच्या लेकीपायी, शोर्मेपायी.

पोर दिवसभर तिच्या पाठीला बांधलेली. ओडार्ली गोळे काढायला चुलीवरच्या पातेल्यात वाकली की पाठ गिऱ्हाइकांच्या रांगेकडे व्हायची आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडायचं, "अगं, हसली की गं!" ओडार्ली गर्रकन वळायची, तर पोरही तिच्याबरोबर गर्रकन वळायची. घरी गेल्यावर दूध पितापिताच बाईसाहेबांचे डोळे मिटायचे. नऊ महिने पोटात वाढवलं आपण आणि हसू बघायचं अख्ख्या बाजारानं! तिला रडूच यायचं.

सगळ्यात जास्त हसू मिळायचं ओकाई आजोबांना. बोळक्या तोंडाचे, थकलेले कोळी. शेवटी तिनं त्यांनाच गाठलं.

"आजोबा, असं काय करून दाखवता तिला?"

"गाल फुगवतो, भुवया नाचवतो. ती नुसती बघत बसते, न्यायाधीशासारखी."

"मग हसते कशी?"

"तू कुणाला तरी झापतेस आणि स्वतःच हसतेस ना? तुझी पाठ हलली की ही हसते. माझं थोबाड फुकट जातं, पोरी."

ओडार्लीच्या हातातला गोळा हातातच राहिला. मग तिनं तो ठेवला, कापड सोडलं, रांगेकडे पाठ करून स्टुलावर बसली आणि शोर्मेला मांडीवर समोर धरलं. गाल फुगवले. शोर्मेनं कपाळाला आठ्या घातल्या. जीभ काढली. शोर्मेनंही जिभेचं टोक काढलं, पण हसू काही येईना.

"अगं बाई, केन्की गार होतेय!" मागून मासेवाली ओरडली.

"बरं झालं, तुझी फुंकर वाचली!" ओडार्ली म्हणाली आणि सवयीनं खदखदून हसली.

शोर्मे टक लावून आईच्या तोंडाकडे बघत राहिली. भुवया वर गेल्या, हनुवटी थरथरली आणि मग ती हिरड्या दाखवत तोंडभर हसली.

"हसली का गं?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

ओडार्लीनं मान वळवली नाही. डोळे वाहत होते, तेही पुसले नाहीत.

"आपल्या हातानं काढून घ्या रे गोळे," ती म्हणाली. "मला वेळ नाही."