कोपऱ्यातली चौकट

नलिनीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत घटक चाचणीचे गठ्ठे बांधत होते. पुढच्या तीन आठवड्यांत दोन शोकसभा झाल्या आणि दोन्हींत बाई "शांत, सोशीक" असल्याचं मी दात आवळून ऐकलं. कसल्या सोशीक? पाथर्डीच्या बाजूच्या आमच्या कोरडवाहू गावात गणित शिकवताना बाई कुणाशी भांडल्या नाहीत ते विचारा... मुख्याध्यापक, एसटीचा कंडक्टर, आणि माझे वडील, अण्णा.

वर्गसमीकरण आलं की बाई फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखायच्या. तिच्यात आधी विवेचक काढायचा, बी वर्ग वजा चार एसी, मगच गणिताला हात लावायचा. धन आला तर दोन वेगळी मुळं, शून्य आला तर दोन्ही सारखी, ऋण आला तर वास्तव मुळं नाहीतच, उगाच शोधत बसू नका. आम्हाला ऋण फार आवडायचं. "मुळे वास्तव नाहीत" लिहिलं की सुटलो! दहावीत, दिवाळीच्या आधी, मीही अशीच सुटले. सोळा वजा वीस, उणे चार, वही बंद. बाईंनी ती उघडली. गणितातला सी उणे पाच होता, म्हणजे सोळातून उणे वीस वजा करायचे होते. विवेचक छत्तीस, मुळं पाच आणि उणे एक, धडधडीत दोन. "असलेली मुळं नाहीत म्हणून मोकळी झालीस," बाई म्हणाल्या. "पुन्हा काढ."

त्याच आठवड्यात आई-अण्णा ऊसतोडीला निघाले. मलाही नेणार होते, म्हणजे दहावी संपलीच. आमच्याकडं पोरींना विचारत नसत. बाई मात्र माझी वही घेऊन थेट अंगणात आल्या.

"बाई, पोरगी मागं ठिवून कोन बघनार तिच्याकडं?" अण्णा म्हणाले. "आन् शिकून व्हनार काय हाय?"

"माझ्या घरी राहील."

"न्हाई जमायचं."

"हिनंही असंच नाही म्हणून वही मिटली होती." बाईंनी छत्तीसवर बोट ठेवलं. "तुम्ही एकदा तरी तपासलंत का?"

अण्णांना आकडे कळले नसावेत. ही बाई अंगणातून हलत नाही, एवढं कळलं. "लई हट्टी हाय," असं पुटपुटत त्यांनी माझी वळकटी गाडीतून खाली उतरवली. बोर्डाची परीक्षा मी बाईंच्या घरून दिली, त्यांच्या हातची जरा जास्तच तिखट आमटी खाऊन.

आज त्याच शाळेत मी गणित शिकवते. यंदा वरून सूचना आली, ऊसतोडीच्या मुलांसाठी वर्गसमीकरणाचं प्रकरण वगळा, पासापुरतं पुरे. मी वगळलेलं नाही, वगळणारही नाही. बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी कोपऱ्यात चौकट आखली. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "उणं आलं बाई, मुळं न्हाईत." म्हटलं, पुन्हा काढ. तिनं काढलं. खरंच ऋण होतं. तपासून आलेलं "नाही" मी मानते. बाई नाहीत, हेही या दिवसांत कितीदा काढून पाहिलं... उत्तर तेच येतं. तेही मानते.

पण बाई सोशीक होत्या? पुन्हा काढा.