चकचकीत बाजूचं कुंकू

कपाट आवरताना दादाची ती डीव्हीडी सापडली. कडेला अजून कुंकवाची पुसट लाली आहे.

दादाच्या मुलीचं बारसं अमेरिकेत झालं आणि आईला व्हिसा मिळाला नाही. दादाने घरच्या कंप्यूटरवर डीव्हीडी बनवून पाठवली, म्हणून आम्ही टावर चौकातून प्लेयर आणला. नव्या वस्तूला हळदकुंकू लावल्याशिवाय आई हात लावू देत नसे. प्लेयरला लावलं, मग डीव्हीडीलाही. एका बाजूला दादाने बाळाचं नाव लिहिलेलं. नावावर बोट कसं ठेवायचं, म्हणून तिने चकचकीत बाजूला लावलं!

प्लेयर काही चालेना. शेजारच्या आंटी म्हणाल्या, "भाभी, अमेरिका की सीडी इधर नहीं चलती."

"चलेगी कैसे नहीं? नात आहे माझी त्यात!"

मी डिस्क उलटून ठिपका दाखवला. आईने ओल्या मलमलने ती पुसली, वाळवली, घातली. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. गॅसवर वरण करपलं, तरी ती हलली नाही. अखेर पाळणा दिसला, बाळाने जांभई दिली आणि चित्र तिथेच अडकलं.

आई उठली. करंड्यात बोट बुडवून तिने टीव्हीच्या काचेवर, बाळाच्या कपाळाला कुंकू टेकवलं. म्हणाली, "आता लागलं बरोबर जागी."

तेव्हा मला हसू आवरेना. परवा व्हिडिओ कॉलवर लेक म्हणाली, "आई, उद्यापासून नवी नोकरी," आणि माझा हात करंड्याकडे गेला.

मोबाइलची काच मी अजून पुसलेली नाही.