कडुबामामांचं इंजिन

अकरा वर्षं रोज एक जेट इंजिन पुसायचं आणि ते सुरू झालेलं एकदाही ऐकायचं नाही, एवढा धीर माझ्यात नाही. कडुबामामांमध्ये होता.

जालना रोडवरच्या आमच्या कॉलेजात ते एरोनॉटिकलच्या प्रयोगशाळेचे सहायक. राहायला करमाडला. ते इथं बदलून आले त्याच्या आदल्याच वर्षी इंजिनाचं बेअरिंग गेलं होतं. इंजिन घागरीएवढंच, पण खरंखुरं जेट. नव्या बेअरिंगचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि मामा त्या मुक्या यंत्रावरून फडकं फिरवत राहिले.

प्रोपल्शन हा इंजिनांचा विषय माझा दोनदा राहिला. दाब आणि तापमानाचे आलेख बघितले की डोकं उठायचं. शेवटी मामांनीच मला इंजिनासमोर उभं केलं. "हे बघ सायली, हवा आधी दाबून घ्यायची, मग पेटवायची. भात्याबिगर भट्टी फुलती व्हय? अन् मागून जी हवा सुटती, तिच्यातलं थोडं बळ पुढच्या भात्यालाच द्यायचं. येवढंच हाय."

एवढंच नव्हतं, हे परीक्षेत कळलं. पण पास झाले.

माणूस मात्र भारी खडूस. आत यायचं तर खिसे रिकामे करा. केसांत एक पिन राहिली म्हणून मला एकदा दारातूनच हाकललं. "चाक मिनिटाला लाखभर फिरतं. पिन आत गेली की पाती गेलीच." मी मनातल्या मनात त्यांना बरंच काही म्हणाले, ते इथं लिहीत नाही.

यंदा एकदाचं बेअरिंग आलं. आमच्या राजेंद्र सरांनी आम्हा चौघांकडून ते सप्टेंबरात बसवून घेतलं आणि इंजिन सुरू करायला मुद्दाम एकतीस ऑक्टोबर धरला. मामांचा नोकरीतला तो शेवटचा दिवस. मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. सोबत त्यांच्या पत्नी रत्नमालाकाकू, हातात पेढ्यांचा डबा. मामांना काही सुचत नव्हतं. चारदा कानांवरचं कव्हर घातलं, चारदा काढलं.

सरांनी बटणाकडे हात नेला आणि मामा म्हणाले, "सर, थांबा."

सगळे थांबले.

"खंडेनवमीला पूजा केली मी. दरसाल नुसत्या फुलांवर भागवतो. औंदा इंजिन चालू व्हणार, म्हणून त्याच्या तोंडात चिमूटभर अक्षता टाकल्या. जाळीतून आत गेल्या. लई दिवस सांगीन सांगीन म्हणलं, धीर झाला नाय."

कुणाला पत्ताही लागला नसता. कदाचित इंजिन चाललंही असतं. पण सरांनी टॉर्च लावून बघितलं, तर एका पात्याच्या मुळाशी कुंकवाचा तांदूळ चिकटलेला. "मामा, सगळं खोलावं लागेल," सर हळूच म्हणाले. "पंधरा दिवस तरी."

"खोला," मामा म्हणाले.

मग शाल, श्रीफळ, भाषणं. मामा खाली मान घालून बसले होते. काकू त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "आता घरी मिक्सर ऐका." मी हसले. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? आमची महिनाभराची मेहनत त्यांनी चिमटीनं घालवली होती. पण गप्प बसून ते इंजिन ऐकू शकले असते आणि गप्प बसले नाहीत, हे आठवलं की राग टिकेना.

आम्ही इंजिन पुरतं खोललं, एकेक पातं भिंगातून बघितलं, पुन्हा जोडलं. नोव्हेंबरच्या मध्यावर सरांनी करमाडला फोन केला. मामा पहिल्या बसनं आले. गेटवरच्या नव्या वॉचमननं त्यांना पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायला लावलं. कुणाला भेटायचंय, असंही विचारलं. "इंजिनला," मामा म्हणाले.

काचेपलीकडे आधी बारीक शीळ उठली, मग ती चढत गेली आणि पायाखालची फरशी थरथरू लागली. मी आकडे टिपत होते. मामांनी काचेवर तळहात टेकला आणि तो काढलाच नाही. त्यांचे गाल ओले झाले होते.

चार मिनिटांत आमच्या नोंदी संपल्या. मी अंगठा वर करून सरांना झाल्याची खूण केली. सरांनी मामांकडे बघितलं आणि बटणावरचा हात मागे घेतला. टाकीतलं रॉकेल संपत येईपर्यंत त्यांनी इंजिन बंद केलं नाही.